पफ पेस्ट्रीची रेडीमेड शीट फुलत नाही, बटर गळतं, तळ ओला राहतो: नेमकं कुठे बिघडतं आणि काय करायचं

फ्रीजरमधली तयार पफ पेस्ट्रीची शीट आणायची, आत काहीतरी गोड भरायचं, ओव्हनमध्ये टाकायचं आणि वीस-पंचवीस मिनिटांत खुसखुशीत गोड पॅटिस हजर, हे ऐकायला सोपं आहे आणि खरंच सोपं आहे. पण दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीच्या आसपास तीच तक्रार परत ऐकू येते, की फुललंच नाही, चपटं राहिलं, सगळं बटर ट्रेमध्ये उतरलं, वरून लाल झालं आणि खालून कच्चं पिठाळ. मग लोक ब्रँड बदलतात, रेसिपी बदलतात, कुणी कुणी शीटवर बेकिंग पावडर भुरभुरवतात (कृपा करून नको, तिचा इथे काही उपयोग नाही), आणि पुढच्या वेळी परत तेच.

बहुतेक घरांत कारण एकच निघतं. शीट गरम झालेली असते आणि ओव्हन पुरेसा गरम झालेला नसतो. हवं असतं बरोबर उलटं. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच्याभोवतीच फिरतं, त्यामुळे घाईत असाल तर एवढं लक्षात ठेवून कामाला लागा, पण तरीही बिघडलं तर पुढचं सावकाश वाचा.

आधी ती फुलते कशी ते बघू. या पिठात यीस्ट नसतं, सोडा नसतो. मैद्याच्या पिठात बटरचा किंवा मार्जरिनचा थर ठेवून ते लाटतात, घडी घालतात, परत लाटतात, परत घडी. फ्रेंच पद्धतीत तीन पदरी घडी सहा वेळा घालतात, म्हणजे तिनाचे सहा वेळा गुणाकार, ७२९ थर. पिठातल्या आणि बटरमधल्या पाण्याची ओव्हनमध्ये वाफ होते, पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे-सतराशे पट जागा लागते, आणि मधे बटरचा थर असल्यामुळे पिठाचे पदर एकमेकांना चिकटत नाहीत, वाफ त्यांना वर ढकलते. पुरीचं जसं असतं, तेल कडक असेल तर टम्म फुगते आणि तेल कोमट असेल तर तेल पिऊन बसते, तसंच हे. आता बटर ओव्हनमध्ये जायच्या आधीच वितळलं तर ते पिठात मुरतं, पदर वेगळे राहतच नाहीत, आणि आपण ट्रेमध्ये ठेवतो ती फक्त एक तेलकट जाड पोळी. ती कशी फुलणार.

मुंबईत मे महिन्यात स्वयंपाकघरात ३३-३४ डिग्री सहज असतं, शेजारी गॅस चालू असेल तर त्याहून जास्त. बटर ३२ ते ३५ डिग्रीच्या आसपास पूर्ण वितळतं, आणि मऊ तर ते विशीतच पडायला लागतं. म्हणजे पाकिटावर लिहिलेलं असतं ना "३०-४० मिनिटं बाहेर काढून ठेवा", ते थंड देशातल्या किचनला ठीक आहे, आपल्याकडे दहा-पंधरा मिनिटांत काम होतं आणि विसाव्या मिनिटाला बिघडायला सुरुवात होते. सगळ्यात सुरक्षित म्हणजे आदल्या रात्री शीट फ्रीजरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी ती न तुटता वाकते पण हाताला गार लागते, आणि तेच पाहिजे. उघडताना घडीवर तडा जात असेल तर ती अजून गोठलेली आहे, जोर लावू नका, पाच मिनिटं थांबा. तडा गेलाच तर बोट ओलं करून तिथे दाबून घ्या, फार फरक पडत नाही. आणि उलट, बोट दाबल्यावर खड्डा पडून तसाच राहतोय, पृष्ठभाग चकचकीत दिसतोय, कागदाला चिकटतेय, असं झालं की जिथे असाल तिथे काम थांबवून ट्रेसकट दहा मिनिटं फ्रीजरमध्ये. वरून मैदा भुरभुरवून पुढे रेटायचं नाही, त्याने हाताला चिकटायचं थांबेल पण आत वितळलेलं बटर काही परत घट्ट होणार नाही.

पाकिट घेतानाच बघायची एक गोष्ट. फ्रोझन माल दुकानात येईपर्यंत किंवा घरी येईपर्यंत कुठेतरी वितळून परत गोठलेला असू शकतो, गावाकडे जिथे लाइट जास्त जातात तिथे तर घरच्या फ्रीजरमध्येही होतं हे. शीटा एकमेकींना घट्ट चिकटल्यात, पाकिट वेडंवाकडं आकार घेऊन गोठलंय, आत मोकळा बर्फ दिसतोय, तर ते पाकिट ठेवून दुसरं घ्या. अशी शीट कितीही नीट भाजली तरी अर्धीच फुलते आणि त्यात तुमचा काही दोष नसतो. पाकिट उलटं करून घटक पण वाचा. बटरची शीट चवीला कितीतरी वरची, पण उन्हात लवकर हार मानते. मार्जरिनची शीट जास्त तापमान सहन करते, बेकरीवाले खारीला जे खास मार्जरिन वापरतात ते म्हणूनच, भट्टीशेजारच्या गरम खोलीत त्यांना काम करायचं असतं, पण खाल्ल्यावर टाळूला थोडा थर बसल्यासारखा वाटतो. माझं मत विचाराल तर एप्रिल-मेमध्ये, एसी नसलेल्या घरात, पहिल्यांदा करत असाल तर मार्जरिनवाली घ्या, हात बसला आणि हवा गार झाली की बटरवाली.

आणि नाव नीट वाचा. फिलो शीट वेगळी, ती कागदासारखी पातळ असते, तिच्यात बटरचे थर नसतात, आपण लावू तेवढंच. समोसा पट्टी आणि स्प्रिंग रोलची शीट यांचा तर फुलण्याशी संबंधच नाही. फ्रोझन मलबार पराठा वापरला तर चालतो का, असं बरेच जण विचारतात. चालतो, पदर थोडे सुटतात, कुरकुरीत पण होतो, पण पफसारखा फुलत नाही. ते माहीत असून केलं तर हरकत नाही.

आता कापणं. इथे बऱ्याच जणींचा करंजी-शंकरपाळ्यांचा हात आडवा येतो. करंजीला आपण वाटी दाबून गोल फिरवतो, कडा चेपतो. पफला ती चेपलेली कड म्हणजे बंद दार, सगळे पदर तिथे एकमेकांना चिकटतात आणि वाफ कड उचलू शकत नाही. धारदार सुरी घ्या, सरळ खाली दाबा, ओढू नका. पिझ्झा कटर चालतो, करंजीचं कातण धारेचं असेल तर तेही चालतं. वरून ब्रशने दूध किंवा अंडं लावताना ते कडेवरून खाली ओघळू द्यायचं नाही, ओघळलेलं अंडं शिजलं की कड खाली धरून ठेवतं आणि पीस एका बाजूने तिरका फुलतो. असे तिरके झालेले पीस बघितले की कारण नव्वद टक्के ओघळच म्हणायला हरकत नाही. अंडं चालत नसेल तर दुधात चिमूटभर साखर विरघळवून लावा, रंग छान येतो.

लाटायची गरज नसते खरं तर. पातळ हवीच असेल तर हलक्या हाताने, मधून बाहेर, आणि कडेच्या अलीकडे लाटणं उचलायचं. कापून उरलेले तुकडे कणकेसारखे मळून गोळा करू नका, मळले की थर संपले. एकावर एक रचून हलकं लाटा आणि त्याच्या साखर लावून काड्या करा.

ओव्हनबद्दल जरा जास्त लिहितेय कारण खरी गडबड इथेच आहे. आपल्याकडे बहुतेकांकडे छोटा ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलर. त्याला २०० ते २१० डिग्रीवर, वरचे-खालचे दोन्ही रॉड चालू ठेवून, निदान पंधरा मिनिटं तापू द्या. पाच मिनिटांत आतली हवा गरम लागते पण भिंती आणि खालचा पत्रा तापलेला नसतो, आणि छोट्या ओटीजीत दार उघडलं की ती हवा सगळी बाहेर. मग ट्रे आत जातो तेव्हा प्रत्यक्षात १५०-१६० असतं, त्या तापमानाला वाफ जोरात व्हायच्या आधी बटर गळून जातं. ट्रेमध्ये जे तळलेलं दिसतं ना ते हेच. हीटिंगचा लाल दिवा असेल तर तो एकदा बंद होऊन परत लागेपर्यंत थांबा. नॉबवरच्या आकड्यावर फार विसंबू नका, आत ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो काही शे रुपयांत, ज्यांना वारंवार बेक करायचंय त्यांनी तो घ्यावाच, कितीतरी कोडी त्याने एका दिवसात सुटतात.

व्होल्टेजचं पण आहे. ओटीजी म्हणजे शेवटी रॉड तापवणं, आणि रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर चालते. २३० च्या जागी २०० व्होल्ट येत असेल तर उष्णता जवळजवळ चोवीस टक्क्यांनी कमी होते. संध्याकाळी सगळीकडे पंप नाहीतर एसी चालू असताना तुमच्या भागात दिवे मंद होत असतील तर त्या वेळी पफ करू नका, किंवा तापवायला पंचवीस मिनिटं द्या. "सकाळी केलं तेव्हा मस्त झालं, संध्याकाळी पाहुण्यांसमोर फसलं" याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

मायक्रोवेव्ह असेल तर तो कन्व्हेक्शन मोडवरच, आणि प्रीहीट होऊन बीप वाजल्यावर. नुसत्या मायक्रो मोडवर ठेवलं तर पांढरं, चिवट काहीतरी निघतं, ते होणारच. ज्यात पंखा फिरतो त्या ओव्हनला रेसिपीपेक्षा वीस डिग्री कमी लावायचं. एअर फ्रायरमध्ये १८० वर दहा-चौदा मिनिटांत छोटे पीस होतात, शेवटी एकदा उलटायचे कारण खालची बाजू मागे राहते, आणि वरचा हलका पापुद्रा पंख्याने उडतो कधी कधी, तर भरलेले पीसच करा, नुसते चौकोन नको. कढईत मीठ घालून झाकण ठेवून? त्यात नानकटाई होते, कुकी होतात, पफ माझ्या मते करू नये, वरून उष्णता मिळत नाही आणि शीट महाग असते. परदेशात जे आहेत त्यांच्या ओव्हनवर फॅरनहाइट असेल तर ४०० म्हणजे आपले साधारण २००. तिकडे किचन गार असतं त्यामुळे शीट वितळायची भानगड कमी, अडचण येते ती सारणाची, त्याकडे येतेच.

वेळ. पहिली दहा-बारा मिनिटं २०० वर, दार अजिबात उघडायचं नाही, मग १८० वर अजून आठ-दहा. फिकट सोनेरी दिसलं की लोक काढतात आणि बाहेर आल्यावर ते खाली बसतं, कारण आतले पदर अजून ओलेच असतात. चांगला तांबूस-तपकिरी रंग येऊ द्या, कडेचे पदरसुद्धा रंगलेले दिसले पाहिजेत. वरून आधीच लाल होत असेल आणि आत कच्चं असेल तर ट्रे एक खाच खाली घ्या किंवा वरून फॉइल सैल ठेवा.

पहिला घाणा फुलतो आणि दुसरा चपटा, ही पण नेहमीची तक्रार. ओटीजीबरोबर ट्रे येतो एकच, तो गरमच असताना त्यावर दुसरे पीस मांडले जातात आणि दार लागायच्या आत खालचं बटर वितळून जातं. दुसरा घाणा बटर पेपरवर मांडून फ्रीजरमध्ये थांबवा, पहिला ट्रे बाहेर आला की पेपर उचलून सरकवा आणि लगेच आत. किंवा ट्रे गार होऊ द्या, तोवर ओव्हन चालू राहू दे.

तळ ओला राहण्याचं दुसरं कारण सारण. ओल्या नारळाचं आणि गुळाचं मोदकाचं सारण पफमध्ये अप्रतिम लागतं, पण मोदकाला जितकं ओलसर ठेवतो तितकं इथे चालत नाही. गूळ ओव्हनमध्ये परत पातळ होतो, कुठून तरी वाट काढतो, ट्रेवर पडून जळतो आणि वरून तळाला पाणी सोडतो. थोडं जास्त आटवायचं, कढईच्या कडा सोडून गोळा फिरायला लागला की एक चमचा भाजलेला रवा नाहीतर तांदळाची पिठी घालायची, आणि मग पूर्ण गार, शक्यतो फ्रिजमध्ये गार. कोमट सारण भरलं की वरचं सगळं शीट गार ठेवण्याचं कष्ट वाया. पुरण वापरायचं तर झारा उभा राहील इतकं घट्ट, पुरणपोळीचं असतं तसंच. जाम वापरायचा असेल तर त्याखाली मारी बिस्किटाचा चुरा किंवा बदामाची पूड पसरा, ती ओल शोषून घेते. ताजे फळांचे तुकडे आधी साखरेत आटवल्याशिवाय नको, आंब्याचे तर नकोच, फार पाणी सुटतं.

आंब्यासाठी माझी आवडती युक्ती आंबापोळी. कोकणातली घट्ट आंबापोळी कात्रीने बोटभर पट्ट्या कापून शीटमध्ये गुंडाळायची, बस. गळत नाही, ओल सोडत नाही, गरम झाल्यावर मऊ होते आणि आंब्याची चव थेट येते. फणसपोळीचंही तसंच होतं. ज्यांचं सारण प्रत्येक वेळी फुटून बाहेर येतं त्यांनी हात बसेपर्यंत हेच करावं.

प्रमाण सांगायचं तर १० सेंटिमीटरच्या चौकोनाला एक मोठा चमचा सारण, पंधरा ग्रॅमच्या आसपास, जास्त नाही. कडेला पाण्याचं बोट फिरवून काट्याने दाबा (कड चेपू नका म्हटलं ते कापतानाचं, इथे सारण बाहेर येऊ नये म्हणून दाबावंच लागतं), वर सुरीने दोन चिरा द्या म्हणजे वाफेला वाट मिळेल, आणि भरून झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं परत फ्रिजमध्ये. ही शेवटची पायरी सगळे गाळतात कारण पीस तयार दिसत असतात आणि मुलं समोर उभी असतात. गाळू नका, सारण भरताना हाताच्या उष्णतेने शीट मऊ झालेली असते.

क्रीम रोल करणाऱ्यांसाठी वेगळं. दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या, साच्याला हलकं तूप लावून टोकापासून सुरुवात, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर एक तृतीयांश चढवायचा. पट्टी ताणायची नाही, ताणली की ओव्हनमध्ये आखडते आणि मधे फटी पडतात. साच्याच्या रुंद तोंडाबाहेर पीठ जाऊ द्यायचं नाही, ते वळून साच्याला धरतं आणि मग रोल निघता निघत नाही. शेवट खालच्या बाजूला ठेवून भाजा, थोडं कोमट असतानाच साचा हलका पिळून काढा. क्रीम पूर्ण गार झाल्यावर, खायच्या जरा आधी. बेकरीतलं क्रीम वनस्पती तूप नाहीतर बटर आणि साखर घोटून केलेलं असतं म्हणून तासन्‌तास टिकतं, घरचं व्हिप्ड क्रीम आपल्या हवेत पदर लगेच ओले करतं.

साखरेच्या बदामी आकाराच्या खाऱ्या पण फार होतात घरी, दोन्हीकडून गुंडाळी करून मधे आणायची आणि एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापायच्या. त्यात तक्रार असते तळ करपण्याची. साखर १६०-१७० च्या पुढे गेली की झपाट्याने तपकिरी होते आणि ओटीजीचा खालचा रॉड ट्रेला अगदी जवळ असतो. ट्रेखाली दुसरा ट्रे नाहीतर फॉइलची दुहेरी घडी ठेवा, बटर पेपर घालाच, आणि दहा मिनिटांनी चकत्या उलटा. उलटल्यावर डोळ्यासमोर ठेवा, तिथून पुढे पाच मिनिटांचाच खेळ आहे. बाहेर काढल्या काढल्या जाळीवर, पेपरवर गार झाल्या तर पाक घट्ट होऊन चिकटतात.

फसलेला ट्रे टाकून देऊ नका. नुसता कच्चा तळ असेल तर पीस उलटे करून १६० वर, फक्त खालचा रॉड चालू ठेवून, सात-आठ मिनिटं, बऱ्यापैकी सुधारतो. अजिबात फुललं नसेल तर टिश्यूवर जास्तीचं बटर टिपून घ्या, १५० वर कडक होईपर्यंत भाजा आणि गार झाल्यावर हाताने जाडसर चुरा. तो चुरा श्रीखंडावर किंवा फ्रूट कस्टर्डवर घालून वाढला तर फार छान लागतो.

ठेवायचं म्हणाल तर पूर्ण गार झाल्यावरच डब्यात, घट्ट झाकणाच्या. सारण भरलेले दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा, नारळाचे तर त्याच दिवशी, नाहीतर फ्रिजमध्ये. पावसाळ्यात काही केलं तरी चारेक तासांत मऊ पडतात, तेव्हा १५०-१६० वर पाच मिनिटं गरम करायचे, मायक्रोवेव्हमध्ये नाही, त्यात ते चिवट होतात. त्याहून बरं म्हणजे भरून, कापून, कच्चेच फ्रीजरमध्ये ठेवायचे, आधी ट्रेवर सुटे गोठवून मग डब्यात, आणि पाहुणे आले की लागतील तेवढे न वितळवता थेट तापलेल्या ओव्हनमध्ये, वेळ फक्त चार-पाच मिनिटं वाढवायची.